रंगाआधीचं काम

आमच्या घरात एक वाक्य ठरलेलं होतं: आजोबा गोदीत रंगकाम करायचे. शाळेत, नातेवाइकांत, लग्नाच्या बोलणीत, सगळीकडे हेच. मीही पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजीत सांगून टाकलं होतं की माझे आजोबा पेंटर होते. समोरच्या बाईंना वाटलं चित्रकार. त्या कौतुकाने हसल्या आणि मी काही दुरुस्ती केली नाही.

दोन वर्षांपूर्वी आमची घोडपदेवची चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करताना माळ्यावर एका गोणपाटात गुंडाळलेला हातोडा सापडला. लहानसा, पण विचित्र. खिळा ठोकायला त्याला सपाट तोंडच नव्हतं. दोन्ही टोकांना छिन्नीसारखी धार. एक दांड्याच्या रेषेत उभी, दुसरी आडवी.

"हा कसला गं हातोडा?"

"चिपिंगचा. तुझ्या आजोबांचा."

"पण ते तर रंग मारायचे ना?"

आजी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "रंग? ह्यांनी जन्मात कधी ब्रश धरला नाही हातात. रंग मारणारे वेगळे. हे त्यांच्या आधी जायचे. सोलायला."

मी कोड लिहितो. आमच्याकडेही महिनाभर घाण डेटा साफ करणारा एक जण असतो आणि शेवटच्या दिवशी त्यावर रंगीत आलेख काढून टाळ्या घेणारा दुसरा. त्यामुळे 'सोलायला' हा शब्द डोक्यात बसला. मग जे वाचत गेलो, लोकांना विचारत गेलो, त्यातून हा लेख झाला.

घोडपदेवहून पूर्वेला निघालात की रे रोड स्टेशन, पलीकडे दारुखाना, आणि दक्षिणेला थोडं चाललं की माझगाव गोदी आणि भाऊचा धक्का. पश्चिमेला भायखळा, जिथे १८५८ पासूनची रिचर्डसन अँड क्रुडास ही पोलादी बांधकाम करणारी कंपनी. म्हणजे आमच्या चाळीच्या एका बाजूला लोखंड घडत होतं, दुसऱ्या बाजूला तरंगत होतं आणि दारुखान्यात मोडत होतं. त्यात हवा मुंबईची. खारट, दमट, वर्षाचे चार महिने ओली. गंजाला यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही.

मुंबईची जहाजं आधी लोखंडाची नव्हतीच. वाडिया कुटुंबाने इथे बांधलेली जहाजं मलबारी सागवानाची होती. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेलं 'त्रिंकोमाली' इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही तरंगतंय. सागाला किडा लागतो, पण गंज लागत नाही. एकोणिसाव्या शतकात लोखंडाची आणि मग पोलादाची जहाजं आली, आणि त्यांच्याबरोबर एक नवीनच काम जन्माला आलं. माझगावला १७७४ मध्ये एक लहान सुकी गोदी बांधली गेली होती. पुढे ती पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या आगबोट कंपन्यांच्या हाती आली, १९३४ मध्ये तिची कंपनी झाली आणि १९६० मध्ये सरकारने ती घेतली. या सगळ्या काळात जहाज सुक्या गोदीत आलं, पाणी उपसलं, की पहिलं काम एकच: वरचं सगळं काढा. शेवाळ, शिंपले, जुना रंग, गंज.

आजोबा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून १९५७ च्या सुमारास आले आणि एका ठेकेदाराकडे चिपिंगला लागले. जहाजाच्या बाजूला दोराने टांगलेल्या फळीवर बसायचं आणि हातोड्याने टक्‌ टक्‌ टक्‌ करत खपल्या पाडायच्या. उभी धार एका दिशेला, आडवी धार दुसऱ्या दिशेला, मग तारेचा ब्रश. टाकीत उतरले तर तोच आवाज चारी भिंतींवरून परत कानावर. मला आठवतात ते आजोबा ठार बहिरे होते. "दहा जण एकदम वाजवायचे," आजी सांगते. "घरी आले की माझ्याशीपण ओरडूनच बोलायचे. शेजारणीला वाटायचं आमचं भांडण चाललंय."

हातोड्याने पोलाद पूर्ण स्वच्छ होत नाही. पोलादाचा पत्रा कारखान्यात तापवून लाटतात तेव्हा त्यावर निळसर काळी, चकचकीत पपडी धरते. तिला मिल स्केल म्हणतात. दिसायला ती छान, जणू कंपनीने फुकट दिलेलं पॉलिश. पण ती ठिसूळ असते. तिला तडा गेला आणि आत समुद्राचं पाणी शिरलं की पपडी आणि उघडं पोलाद यांची मिळून एक छोटी बॅटरी तयार होते. त्यात खर्ची पडतं ते पोलाद. तड्याखाली खड्डा पडत जातो आणि वरून रंग शाबूत दिसत राहतो. हातोड्याने ही पपडी काही निघते, काही चिकटून राहते, खड्ड्यांच्या तळचा गंज तर राहतोच.

मग इतकी वर्षं जहाजं टिकली कशी? याचं उत्तर आपल्या प्रत्येकाच्या गावी आहे.

जहाजाच्या आणि पुलांच्या पोलादावर पहिला हात ज्या रंगाचा असायचा त्याला इंग्रजीत रेड लेड म्हणतात. शिशाचा नारिंगी ऑक्साइड, जवसाच्या तेलात कालवलेला. मराठीत त्याला शेंदूर म्हणतात. तोच, मारुतीला लावतात तो. हे कळलं तेव्हा मी आजीला फोन केला. ती म्हणाली, "मग? गोदीतला शेंदूर सगळ्यांना माहीत होता." मला सोडून, असं ती म्हणाली नाही.

शेंदराच्या रंगाचा मोठा गुण म्हणजे त्याचा क्षमाशील स्वभाव. जवसाचं तेल सावकाश वाळतं, त्यामुळे उरलेल्या गंजाच्या फटीफटीत मुरायला त्याला वेळ मिळतो. शिसं आणि तेल यांच्या मिलाफातून साबणासारखे क्षार तयार होतात आणि ते गंजाची वाढ रोखतात. म्हणजे हातोडा आणि ब्रशने जेवढं निघालं तेवढं निघालं, बाकीचं शेंदूर सांभाळून घेणार. आजोबांच्या हातोड्यावर जग चालत होतं ते या रंगाच्या जिवावर.

फक्त शिसं विषारी. शिशाचा रंग हातोड्याने फोडायचा म्हणजे त्याची धूळ नाकातोंडात घ्यायची. भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्याला जोडलेल्या सूचनीय आजारांच्या यादीत पहिलंच नाव शिशाच्या विषबाधेचं होतं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, आणि त्या नियमांच्या नावातच 'घरगुती आणि सजावटीचे' असं आहे. जहाज आणि पूल त्यात बसत नाहीत.

शेंदरावर शेंदूर चढवत गेलं की काय होतं, हे महाराष्ट्राने २०२२ मध्ये पाहिलं. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या लेप चढत गेला होता. त्या वर्षी जुलैपासून दर्शन बंद ठेवून तो काढला. हजार किलोंहून जास्त शेंदूर निघाला. नवरात्रात गाभारा उघडला तेव्हा आत दिसलेली अठरा हातांची मूर्ती आपल्याला फोटोतून पाठ असलेल्या मूर्तीपेक्षा वेगळी होती. कोरीव काम, दागिने, चेहऱ्याची ठेवण. आपल्याकडे या लेपाला कवच म्हणतात, आणि रंगाच्या धंद्याला यापेक्षा अचूक शब्द मी अजून पाहिलेला नाही. कवच जाड झालं म्हणजे मजबूत झालं असं नसतं. ते आपल्याच वजनाने सुटायला लागतं. जहाजावर तेच होतं, आणि जुन्या इमारतीच्या जिन्यावरच्या कठड्यालाही. नखाने एक पापुद्रा उचलून पाहा, खाली निळा, त्याखाली हिरवा, त्याखाली लाल निघेल.

आता वाळूकडे येऊ, कारण इथून गोष्ट बदलते.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्घमनने १८७० मध्ये पेटंट घेतलं: वाफेच्या किंवा हवेच्या जोरावर वाळूचा झोत सोडून कठीण पृष्ठभाग कोरायचा. सुरुवातीला काचेवर नक्षी, दगडावर अक्षरं, आणि लवकरच ओतीव लोखंडाची सफाई. पोलादासाठी ही पद्धत जादू होती. वाळूचे कण सेकंदागणिक लाखोंनी आपटतात, पपडी आणि गंज खड्ड्यांतूनही उडवतात. शिवाय खाली जो पृष्ठभाग उरतो तो गुळगुळीत नसतो. त्यावर सूक्ष्म डोंगरदऱ्या तयार होतात, साधारण केसाच्या जाडीच्या आसपास, आणि नव्या रंगाला त्यात पाय रोवता येतात. पाटीवर खडू उमटतो, काचेवर उमटत नाही, तसं.

पण वाळू फुटते. वाळू म्हणजे बरीचशी सिलिका, आणि आपटून फुटलेल्या सिलिकाची धूळ इतकी बारीक होते की ती डोळ्यांना दिसतही नाही. ती फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथलं मऊ जाळं हळूहळू टणक होतं. याला सिलिकोसिस म्हणतात. औषध नाही. ब्रिटनने १९४९ मध्ये ओतीव वस्तूंच्या सफाईसाठी वाळू वापरायला बंदी केली. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने १९७४ मध्ये बंदीची शिफारस केली, पण तिथे ती कायदा झाली नाही. आणि हा फक्त जहाजांचा विषय नाही. आपण जीन्सवर तो फिका, घासलेला लूक मिरवत होतो ना, तो कित्येकदा याच झोताने काढलेला असायचा. तुर्कस्तानात जीन्सच्या कारखान्यांतली विशी-पंचविशीची मुलं सिलिकोसिसने मरायला लागली तेव्हा तिथल्या सरकारने २००९ मध्ये कपड्यांवरचं सँडब्लास्टिंग बंद केलं. माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षातली आवडती पँट आठवून मला अजून कसंतरी होतं.

आजोबा सत्तरच्या दशकात दुसऱ्या एका ठेकेदाराकडे वाळूच्या कामाला गेले. पगार बरा होता आणि फळीवर लटकायचं नव्हतं. तोंडाला ओला पंचा बांधायचे. "घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या," आजी म्हणते. "मी हसायचे, लवकर म्हातारे झालात म्हणून." वाळू कधी कधी खाडीची यायची, म्हणजे मीठ घेऊनच. पोलाद स्वच्छ करता करता त्याच्या अंगात मीठ पेरलं जात होतं, पण ठेकेदाराला जहाज गोदीबाहेर जाईपर्यंतचीच काळजी. पुढे आजोबांना दम लागायला लागला तेव्हा दवाखान्यात सांगितलं, बिडी सोडा. आजोबांनी आयुष्यात बिडी ओढली नव्हती. तंबाखू मळायचे. सिलिकोसिससुद्धा त्याच १९४८ च्या कायद्याच्या यादीत होता. डॉक्टरला तो आढळला तर कळवायचं असतं. त्यासाठी आधी कोणीतरी विचारावं लागतं की बाबा, काम काय करतोस. विचारलं असतं तरी उत्तर काय मिळालं असतं? रंगकाम.

मधल्या काळात रंगही बदलला. युद्धानंतर इपॉक्सी आले, जस्ताच्या पुडीने भरलेले प्रायमर आले. शेंदराच्या मानाने हे फारच टिकाऊ, पण स्वभाव उलटा. जस्ताचा प्रायमर काम करतो तो जस्त आणि पोलाद यांचा थेट विजेचा संपर्क असेल तरच. जस्त स्वतः झिजतं आणि पोलादाला वाचवतं. मध्ये गंजाचा थर राहिला की तो संपर्कच तुटला. म्हणजे रंग जितका हुशार, तितका खालचा पृष्ठभाग निर्मळ हवा. चुका पोटात घालणारा रंग गेला आणि एकही चूक न चालवून घेणारा आला.

मग किती स्वच्छ म्हणजे स्वच्छ? स्वीडनच्या १९६७ च्या मानकाने याचं उत्तर शब्दांत देण्याऐवजी फोटोंत दिलं. गंजाच्या चार पायऱ्या, ए पासून डी पर्यंत, आणि प्रत्येकीवर सफाई किती केली त्याचे रंगीत फोटो. तपासनीस पत्र्याशेजारी पुस्तक धरणार आणि मिळवून बघणार. १९८८ मध्ये हेच आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्यातली सर्वांत जास्त मागितली जाणारी पायरी म्हणजे एसए २½. पूर्ण पांढरं पोलाद म्हणजे ३. त्याला खर्च फार. २ म्हणजे समुद्रासाठी कमी. मधलं अडीच: तेल, गंज, पपडी, जुना रंग काही दिसता कामा नये, राहिलेच तर नुसते पुसट डाग. सगळ्या जगाला 'टू अँड अ हाफ' म्हणावं लागतं, आपल्याकडे मात्र त्यासाठी अख्खा शब्द तयार होता.

मुंबईत हे अडीच गाठण्यापेक्षा टिकवणं अवघड. झोत मारलेलं पोलाद उघडं, ताजं असतं. सकाळी चांदीसारखं, आणि हवा दमट असेल तर संध्याकाळपर्यंत हळद लागल्यासारखं पिवळं. म्हणून नियम असा की हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी आणि पोलादाचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर. जुलैत मुंबईत हे उघड्यावर कसं जमवायचं? नाहीच जमत. शेड बांधा, हवा कोरडी करणारी यंत्रं लावा, किंवा ऑक्टोबरची वाट पाहा.

आणि मीठ. ते डोळ्यांना दिसत नाही, फोटोतही येत नाही. रंगाखाली मिठाचा कण राहिला की तो रंगाच्या आरपार पाणी ओढून घेतो आणि फोड येतो. म्हणून आता पोलादावर एक छोटी चिकटपट्टी लावून, तिच्यात शुद्ध पाणी सुईने सोडून, त्यात किती क्षार उतरले ते मोजतात. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजांच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांसाठी नियम केला: सफाई अडीचची, दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको, पत्र्याच्या धारदार कडा घासून गोल केलेल्या हव्यात (कारण ओला रंग धारेवरून मागे सरकतो आणि तिथेच पातळ होतो), आणि एवढं करून रंगाने १५ वर्षं टिकायचं. चिमटीत मीठ घेऊन पाहा. ५० मिलिग्रॅम त्याहून कितीतरी कमी. स्कॉटलंडचा १८९० चा फोर्थ पूल कायम रंगवतच राहावा लागतो अशी इंग्रजीत म्हण पडली होती. त्याचे जुने थर झोत मारून काढले, खाली उघडं पोलाद लागेपर्यंत, आणि नवा रंग देऊन २०११ मध्ये काम संपवलं. आता निदान २५ वर्षं टिकेल म्हणतात. काम मुख्यतः सोलण्याचंच होतं. बातम्यांत 'पूल रंगवून झाला' असं आलं.

पोलाद काँक्रीटच्या आत लपलं म्हणून सुटत नाही. ठाणे खाडीवरचा पहिला वाशी पूल १९७३ चा. त्याच्या आतल्या ताणलेल्या केबल्स गंजल्या आणि दुरुस्त्या, वाहनांवर निर्बंध असं करत करत १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल आला. काँक्रीटवर लेप द्यायचा तर त्याचीही तयारी असते. ओतल्यावर वर सिमेंटची एक कमकुवत साय येते, ती खरवडून काढावी लागते, नाहीतर रंग काँक्रीटला न चिकटता सायीला चिकटतो आणि साय कशालाच चिकटलेली नसते.

आमच्या चाळीच्या गॅलरीचा एक तुकडा मी आठवीत असताना पडला. दुरुस्तीला आलेल्या माणसांनी उघड्या पडलेल्या सळ्यांवर तसंच सिमेंट थापलं, वर चुना मारला. दोन दिवसांत गॅलरी नवी. आजोबा हा हातोडा घेऊन बाहेर आले. एका हाताचा तळवा स्लॅबच्या खालच्या बाजूला सपाट टेकवला आणि दुसऱ्या हाताने शेजारी हलकेच ठोकत गेले. मला वाटलं, बहिऱ्या माणसाला काय कळणार. पोकळ जागा आवाजावरून ओळखतात, एवढं मलाही माहीत होतं. पण ते ऐकत नव्हतेच. तळव्याला काय लागतंय ते बघत होते. पाच-सहा ठिकाणी त्यांनी खडूने गोल काढले. "सळी पुसली नाही रांडेच्यांनी," म्हणाले. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. आतून फुगून तो काँक्रीट ढकलत राहतो. तीन पावसाळ्यांनी त्यातल्या दोन गोलांच्या जागा खाली आल्या. रात्री आल्या म्हणून कोणाला लागलं नाही. आजोबा तोवर गेले होते.

दारुखान्यात २०१४ साली 'विक्रांत' मोडायला आली, तीच, १९६१ मध्ये नौदलात दाखल झालेली पहिली विमानवाहू. तिच्या पोलादाची पुढे मोटरसायकल निघाली तेव्हा माझ्या मित्राने लगेच बुक केली. अशा जहाजाच्या अंगावर दशकांचे थर असतात, आणि गॅसच्या ज्योतीने पत्रा कापणारा माणूस ते सगळे थर श्वासात घेतो. सोलण्याचं हे आणखी एक रूप, फक्त यानंतर रंग लागत नाही.

१५ जानेवारी २०२५ ला माझगाव गोदीत बांधलेल्या 'सुरत', 'नीलगिरी' आणि 'वाघशीर' एकाच दिवशी नौदलात आल्या. त्याआधीची 'नीलगिरी'ही इथलीच, १९७२ ला दाखल झालेली. मी ऑफिसला जाताना लोकलमध्ये फोनवर सोहळा पाहिला आणि रात्री आजीला दाखवला. तिने स्क्रीनवर बोट फिरवत विचारलं, "आता कोण सोलतं?" मी सांगितलं, बाहेरून यंत्रं चढतात, वाळूऐवजी पोलादाची बारीक कणी, गार्नेट किंवा नुसता पाण्याचा प्रचंड दाबाचा झोत वापरतात, डोक्याला बाहेरून हवा पुरवणारं शिरस्त्राण असतं. "आणि टाकीत?" टाकीत अजून माणूसच उतरतो.

सध्या माझ्यासाठी मुली बघणं चालू आहे. बाबांनी बनवलेल्या बायोडेटात आजोबांच्या नावापुढे 'गोदीत पेंटर' असं होतं. मी ते खोडून 'गोदीत चिपर' केलं. बाबा म्हणाले, "कोणाला कळणारे ते?"

"विचारतील की."

आतापर्यंत एकीने विचारलं. तिला हातोड्याचा फोटो पाठवला आहे.